भिडू वाईट होता!

रात्री साडेअकराचा सुमार होता. पालघर स्टेशनावरून एक मालगाडी धडधडत जाऊन नुकतीच शांतता झाली होती. माझा डोळा लागतो न लागतो तोच मधल्या खोलीतून आरोळी आली,

"अरे, कुठं मरायला गेला होतास? तुझ्यामुळं गेलो आम्ही! फक्त तुझ्यामुळं!"

मी धडपडत उठलो आणि दार ढकलून पाहिले. आमचे चिरंजीव पलंगावर मांडी घालून बसले होते. कानांत बोंडे, हातात मोबाइल, चेहरा लालबुंद.

"कोण मेलं रे?" मी घाबरून विचारले.

"मी मेलो," चिरंजीव म्हणाले, "आणि तो गाढव अजून जिवंत आहे!"

आमच्याकडे 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' नावाचा खेळ सुरू होता. ज्यांच्या घरी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना हे नाव सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पबजी नावाच्या खेळावर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली. त्याचाच हा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या घेतात आणि मिळतील ती हत्यारे गोळा करतात. सुरक्षित जागेचे वर्तुळ हळूहळू लहान होत जाते आणि शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकतो. पुष्कळदा तो चौघाचौघांच्या चमूंनी खेळतात. एखादा भिडू घायाळ होऊन पडला, तर दुसऱ्याने वेळेत त्याच्याजवळ पोचून त्याला उठवायचे असते. बेट खोटे, बंदुका खोट्या. पण भिडू मात्र खरे! एक उमरोळीला, एक बोईसरला, एक तारापूरच्या बाजूला, आपापल्या घरी बसून एकमेकांना शिव्या देत असतात.

हा सगळा पोरखेळ आहे असेही आता म्हणण्याची सोय राहिलेली नाही. २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत अशा खेळांना प्रथमच पदके दिली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने याविषयी कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, पण स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्सना खेळ म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा खेळाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या आरोळीबद्दल. आणि तीही का, ते पुढे कळेलच.

मेंढीकोटापासून चालत आलेले

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी बोधामृत पाजायला सुरुवात केली. "हे बघ, हरलं की दुसऱ्याच्या नावानं खडे फोडू नयेत."

सौभाग्यवती पोह्यांसाठी मिरच्या चिरीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "गेल्या दिवाळीत मेंढीकोट खेळताना तुमचे दोन कोट झाले, तेव्हा माझ्या भावाला काय म्हणालात ते सांगा की त्याला!"

मी गप्प बसलो. भाऊबीजेच्या रात्री मेहुण्याला मी भर चौकडीत म्हणालो होतो, "तुम्हांला हुकूम कळत नाही, दश्शा राखता येत नाही, कशाला बसता खेळायला?" वास्तविक हुकमाची किती पाने पडून गेली ते मोजायचे काम माझे होते, आणि गप्पांच्या नादात मी ते मोजले नव्हते.

जुगलबंदीच्या प्रत्येक खेळात हे असेच चालते. पालघरहून मुंबईला नोकरीला जाणारे लोक गुडघ्यांवर बॅग आडवी टाकून पत्ते खेळत. विरार आले तरी त्यांचा वाद मिटलेला नसे. आणि मी चाळीस वर्षांत एकदाही कोणाच्या तोंडून ऐकले नाही की, "आजचा डाव माझ्यामुळे गेला!"

मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध घेतलेला आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोघांचा १९७९ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी नवराबायकोंना वेगवेगळे गाठून विचारले, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज एकापेक्षा जास्त होऊ लागली! लबाडी म्हणून नव्हे. आपण केलेले आपल्याला आठवते. दुसऱ्याने केलेले आपल्या डोळ्यांआड झालेले असते.

मी घरी हा प्रयोग करून पाहिला. घरकामातला माझा वाटा मी चाळीस टक्के लिहिला. सौभाग्यवतींनी स्वतःचा नव्वद टक्के लिहिला. एकूण एकशे तीस! मी म्हटले, "पाहिलंस, सिद्धांत खरा ठरला." त्या म्हणाल्या, "सिद्धांत खरा आहे, तुमचे चाळीस खोटे आहेत."

भिडूच्या चुकीचेही तसेच आहे. तो कुठे उभा होता ते आपल्याला पडद्यावर स्पष्ट दिसते. आपण कुठे उभे होतो ते दिसत नाही, कारण आपण आपल्याच डोळ्यांमागे बसलेले असतो.

चौथा भिडू

चार दिवसांनी मुलांची कसलीशी स्पर्धा होती. चमू पहिल्याच फेरीत बाद झाला. त्या रात्री आरडाओरडा झाला नाही. चिरंजीव शांतपणे जेवले आणि म्हणाले, "काढला त्याला."

"कोणाला?"

"चौथ्याला. तोच वाईट खेळत होता. तिघांनी ठरवलं आणि ग्रुपमधून काढून टाकला."

"त्याला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? कोणाला तरी काढायलाच हवं होतं."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. 'कोणाला तरी काढायलाच हवं होतं,' हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. किंबहुना मीच उच्चारले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून मी ओसरीवर बसलो. बावीस वर्षे जी गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती, ती चिरंजीव उठल्यावर त्याला सांगितली. आता वाचकांनाही सांगतो.

रात्रपाळीची गोष्ट

तारापूरच्या अणुवीजकेंद्राने १९६९ साली वीज द्यायला सुरुवात केली आणि या भागाचे नाव देशभर झाले. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आले. त्यांतल्याच एका कारखान्यात मी रात्रपाळीचा प्रमुख होतो. ही २००३ सालची गोष्ट.

आमच्या विभागात एक मोठे पात्र होते. त्यात रसायने मिसळली की उष्णता निर्माण होई. ती काढून घेण्यासाठी पात्राभोवतीच्या आवरणात थंड पाणी खेळवावे लागे. पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा, तापमान पाहायचे, दर अर्ध्या तासाने तक्त्यावर आकडा लिहायचा आणि खाली पाळीप्रमुखाने सही करायची. हे काम एका तरुण ऑपरेटरकडे होते. चिंचणीच्या बाजूचा मुलगा, कंत्राटी नोकरीतला. मितभाषी आणि कामाला चोख.

त्या रात्री दोनच्या सुमारास वरच्या मजल्यावरचा एक पंप गळू लागला. मी त्याला म्हटले, "तू वर जा, इकडे मी बघतो." तो गेला. मी तिथे खुर्ची ओढून बसलो. डोळे जड झाले होते. तक्त्यावर मागचाच आकडा पुढे लिहून मी सही ठोकली. व्हॉल्व्ह आणखी उघडायला हवा होता, तो उघडला नाही. तो मुलगा परत आला तेव्हा तापमान भलतेच चढलेले होते. त्यानेच धावत जाऊन पाणी सोडले. कोणाला इजा झाली नाही हे आमचे दैव. पण सगळा माल वाया गेला.

सकाळी साहेबांनी विचारले. मी लिहून दिले, 'ऑपरेटर जागेवर नव्हता.'

यात एक अक्षरही खोटे नव्हते हे लक्षात घ्या! तो जागेवर नव्हताच. त्याला जागेवरून मीच पाठवले होते, एवढेच लिहायचे राहिले. चार दिवसांनी कंत्राटदाराने त्याला कामावरून कमी केले. सहकाऱ्याने हळहळून विचारले तेव्हा मी म्हणालो, "काय करणार? कोणाला तरी काढायलाच हवं होतं."

आणि गंमत पाहा. सहा महिन्यांनी दुसऱ्या पाळीत अगदी तसाच प्रकार पुन्हा घडला. घडणारच! माणूस काढला, कारण तसेच राहिले. दोन मजल्यांना मिळून एकच ऑपरेटर, आणि न पाहता सही करणारा प्रमुख. मी खरे लिहिले असते तर निदान ही दोन कारणे कागदावर आली असती. दोष दुसऱ्यावर टाकला म्हणजे चूक नाहीशी होत नाही. ती फक्त दृष्टीआड होते, आणि पुन्हा यायची वाट पाहते.

चिरंजीव खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाबा, मग तुम्ही त्याला कधी भेटलात?"

मी म्हणालो, "नाही."

"का?"

या 'का'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दोन ठाकठीक उदाहरणे

आता मुलांना नुसते आपले पाप सांगून भागत नाही. अनुकरण करावे असे काही दाखवावे लागते. मी दोन सामने सांगितले.

पहिला जुना, १९४३ च्या डिसेंबरातला. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदूंनी पाच बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. 'रेस्ट'चा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला. दुसऱ्या डावात आपल्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी एकट्याने ३०९ धावा केल्या, आणि संघाच्या एकूण धावा झाल्या ३८७! सामना डावाने गेला. भिडूंना दोष देण्याचा अधिकार जगात कोणाला असेल तर तो हजाऱ्यांना. पण त्याच डावात त्यांची आणि त्यांचे बंधू विवेक यांची ३०० धावांची भागी झाली, आणि तीत विवेक यांच्या धावा होत्या अवघ्या २१. नुसता धावफलक वाचणारा म्हणेल, एकवीसवाला काय कामाचा? पण तो तासन् तास एक बाजू धरून उभा राहिला म्हणून दुसऱ्या बाजूने तीनशे नऊ झाल्या. भिडूचे काम नेहमी आकड्यांत दिसतेच असे नाही.

दुसरा सामना आमच्या गावच्या मुलाचा. शार्दूल ठाकूर पालघरचा. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळत असताना तो दिनेश लाड यांच्या नजरेत भरला आणि पुढे बोरिवलीच्या शाळेत गेला. डहाणूपर्यंत लोकल आली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी लोकल विरारलाच संपे, आणि खेळाचे ओझे खांद्यावर घेऊन मुंबई गाठायची म्हणजे काय, ते इकडच्या माणसालाच ठाऊक. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला त्याला पहिली कसोटी मिळाली, आणि दहा चेंडू टाकून होताच स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला. पुढची संधी आली ती जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. बुमराह, शमी, अश्विन, जडेजा, सगळे दुखापतीने बाहेर. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांची ती पहिलीच कसोटी. त्यात पहिल्याच दिवशी सैनी दुखावला. हरलो असतो तर सबब तयार होती, आणि ती कोणी नाकारलीही नसती! पण ६ बाद १८६ अशी अवस्था असताना ठाकूर आणि सुंदर यांनी १२३ धावा जोडल्या. ठाकूरने ६७ केल्या आणि दोन्ही डावांत मिळून सात बळी घेतले. १९८८ पासून ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया कसोटी हरला नव्हता, तिथे आपण तीन गडी राखून जिंकलो.

"भिडू कसे मिळाले हे त्याच्या हातात नव्हतं," मी चिरंजीवांना म्हटले. "हातात बॅट होती आणि चेंडू होता. त्यानं तेवढंच बघितलं."

वहीतले दोन रकाने

मुले उपदेशाने सुधारत नाहीत, पण एखादी युक्ती सांगितली तर करून पाहतात. मी म्हटले, "तुमचा खेळ मोबाइलवर चित्रित करता येतो ना? हरलेला सामना पुन्हा बघा. पण बघताना दुसऱ्या कोणाचंही नाव घ्यायचं नाही. वहीत दोन रकाने करा. एकात, 'माझ्या हातात काय होतं?' दुसऱ्यात, 'पुढच्या वेळी मी काय करीन?'"

चिरंजीवांनी नाइलाजाने वही घेतली. अर्ध्या तासाने येऊन म्हणाले, "बाबा, एक लोचा आहे."

चौथा भिडू वेळेवर मदतीला आला नाही, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप. पण चित्रणात दिसले ते निराळेच. चिरंजीव स्वतः कोणाला न सांगता लूट गोळा करायला दूरच्या घरात शिरले होते. वर्तुळ लहान झाले तेव्हा चमूपासून ते सर्वांत लांब होते. चौथा त्यांच्याकडेच धावत निघाला होता आणि वाटेत उघड्यावर मारला गेला. याने मागे 'इकडे ये' म्हणून हाका मारल्या, पण शत्रू कोणत्या बाजूला आहे ते सांगितलेच नाही.

"म्हणजे तो माझ्यामुळं मेला," चिरंजीव म्हणाले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सगळे खापर आपल्याच डोक्यावर फोडून घ्यावे असे माझे म्हणणे नाही. तोही एक प्रकारचा अहंकारच, जणू सामना आपण एकटेच खेळत होतो! भिडूचीही चूक असते, कधी मोठी असते, आणि ती त्याला सांगावीही. त्यातून, वरच्या माणसाने खालच्याला 'जबाबदारी घे' म्हणून ऐकवणे म्हणजे कित्येकदा आपली जबाबदारी झटकणे असते. हे मी करून चुकलो आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी आपला रकाना भरावा, मग दुसऱ्याशी बोलावे. आपला रकाना भरलेला असला की दुसऱ्याशी बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

चिरंजीवांनी चौथ्याला फोन केला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. दार बंद होते. पण या वेळी आरोळी आली नाही.

चिंचणीला

मुलाने आपला रकाना भरला. बापाचा कोराच होता. पुढच्या रविवारी मी बोईसरला उतरलो आणि चिंचणीकडे जाणारी रिक्षा पकडली. चौकशी करीत गेलो. त्याचे मोटारसायकली दुरुस्त करायचे लहानसे गॅरेज आहे. केस पिकले आहेत, पण मी लगेच ओळखला. त्यानेही मला ओळखले.

"साहेब, तुम्ही? गाडी बंद पडली का?"

मी म्हटले, "नाही. त्या रात्रीबद्दल बोलायला आलो आहे."

मी सगळे सांगितले. त्याने पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "ते मला तेव्हाच माहीत होतं, साहेब. तक्त्यावर सही तुमचीच होती."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं?"

थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग तोच म्हणाला, "नोकरीचं काही नाही. हे काम मिळालं, पोरं शिकली. पण बाबांना वाटायचं, पोरगा रात्रपाळीला झोपला असणार. ते जाईपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं."

याला मी काय उत्तर देणार? उशिरा मान्य केलेल्या चुकीला व्याज असते, आणि ते आपल्याला भरता येत नाही.

त्याने मला घरात नेले. म्हातारी आई खाटेवर बसली होती. "आई," तो म्हणाला, "हे काय सांगतात ते ऐक."

तिच्यासमोर उभे राहून मी पुन्हा सगळे सांगितले. तिला ऐकू कमी येत होते म्हणून मोठ्याने सांगावे लागले. शेजारच्यांनीही ऐकले असेल. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "यांना चहा दे."

तो चहा मी प्यालो. त्याहून कडू चहा मी आयुष्यात प्यालो नाही, आणि सोडवतही नव्हता.

या दिवाळीला मेहुणे येणार आहेत, आणि मेंढीकोट होणारच. मी सौभाग्यवतींना आधीच सांगून ठेवले आहे, "गेल्या वर्षी हुकूम मोजायला मीच चुकलो, असं मी सगळ्यांसमोर कबूल करणार आहे."

त्या म्हणाल्या, "करा. पण कबूल करण्याच्या नादात या वर्षीचे हुकूम मोजायला विसरू नका!"